चार चाकांची एक चाल

आषाढ लागला की साधु-साध्वींचा विहार थांबतो. पावसाळ्यात भूमी असंख्य सूक्ष्म जीवांनी भरून जाते, त्यांची विराधना होऊ नये म्हणून आपले साधुवृंद चार महिने एका ठिकाणी राहतात. ही परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. पण याच चार महिन्यांत श्रावकांचा प्रवास मात्र वाढतो. ज्या गावी चातुर्मास असेल तेथे दर्शनाला जायचे, पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात नातेवाइकांना भेटायचे, सुट्टी मिळाली की कुंभोजला बाहुबली, निपाणीजवळचे स्तवनिधी, जमल्यास श्रवणबेळगोळ करून यायचे. विश्रामबागेतील कोणत्याही व्यापारी कुटुंबाची पावसाळ्यातील दिनदर्शिका पाहिली तर निदान चार-पाच रविवार असे प्रवासात गेलेले दिसतील. साधू ज्या ऋतूत पाऊल उचलत नाहीत, त्याच ऋतूत श्रावकाची मोटार ओल्या रस्त्यावर ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाने धावत असते. म्हणून ती मोटार ज्या चार टायरांवर उभी आहे, त्यांचा विचार करण्यास हाच काळ योग्य आहे.

मोटारीचे रस्त्याशी नाते केवळ चार ठिकाणी असते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो साधारण एका तळहाताएवढा असतो. इंजिनाची शक्ती, ब्रेकची पकड, वळणावरचा तोल आणि आत बसलेल्या आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचे प्राण या चार तळहातांवर विसंबून असतात. हे चार तळहात एकाच मनाने काम करीत असतील तर मोटार चालकाच्या आज्ञेत राहते. त्यांपैकी एकाची पकड घट्ट, दुसऱ्याची सैल, तिसऱ्याचा आकार निराळा असे झाले की आज्ञा एक आणि पालन चार तऱ्हांचे, अशी स्थिती होते.

बेजोड टायर येतात कोठून?

कोणीही जाणूनबुजून चार तऱ्हेचे टायर विकत घेत नाही. नवी मोटार घेताना चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे व एकाच नक्षीचे असतात. विजोडपणा नंतर हळूहळू शिरतो. खड्ड्यात आपटून एका टायरची बाजू फाटते, स्टेपनी चढवली जाते आणि ती तशीच राहते. स्टेपनी जुनी असेल तर पंक्चरवाल्याकडचा एखादा ‘चांगल्या स्थितीतील’ वापरलेला टायर घेतला जातो. पुढच्या वर्षी दुसरा टायर खराब होतो. त्या वेळी पहिल्या कंपनीचा माल दुकानात नसतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला जातो. माप तेच आहे ना, एवढीच चौकशी होते, आणि कधी कधी तीही होत नाही. तीन-चार वर्षांनी पाहावे तर एका मोटारीला तीन कंपन्यांचे, चार वयांचे टायर लागलेले असतात. धुऊन-पुसून फाटकात उभ्या असलेल्या मोटारीत हे व्यंग दिसत नाही. ते दिसते प्रसंग आल्यावर.

सांगली परिसरात तर टायरांना कष्टही अधिक पडतात. विश्रामबागेहून वसंतदादा मार्केट यार्ड, मार्केट यार्डातून मिरज, मिरजेहून जयसिंगपूर अशा फेऱ्या व्यापाऱ्याच्या रोजच्याच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले रस्ते, पावसात खड्डे, आणि 2019 व 2021 सारख्या महापुरांच्या वर्षी दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिलेली वाहने. असे वाहन पुढे वापरात आले तरी त्याच्या टायरांच्या आत व रिमच्या कडेला काय झाले हे कितीजण पाहतात? त्यामुळे एखाददुसरा टायर मध्येच बदलण्याची वेळ येथे वारंवार येते, आणि विजोडपणाही येथे लवकर शिरतो.

विजोडपणाचे चार प्रकार

पहिला प्रकार मापाचा. टायरच्या बाजूवर 185/65 R15 88H असे काही छापलेले असते. यातील 185 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 65 म्हणजे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या उंचीची टक्केवारी, R म्हणजे रेडियल रचना आणि 15 म्हणजे इंचांमधील रिमचा व्यास. 88 हा भारांक असून त्याचा अर्थ तो एक टायर 560 किलो वजन पेलू शकतो, आणि H म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. दुकानदार 185 च्या जागी 195 चा टायर देतो आणि म्हणतो, ‘थोडा रुंद आहे, पकड चांगली मिळेल.’ व्यापारी वाचकांनी येथे थोडा हिशेब करून पाहावा. 185/65 R15 च्या टायरचा व्यास सुमारे 622 मिलिमीटर भरतो. एक किलोमीटर जाण्यासाठी त्याला सुमारे 512 फेरे घ्यावे लागतात. 195/65 R15 चा व्यास सुमारे 635 मिलिमीटर, त्याचे फेरे सुमारे 502. एका किलोमीटरला दहा फेऱ्यांचा फरक. सांगली ते पुणे या सुमारे 230 किलोमीटरच्या प्रवासात हा फरक दोन हजार फेऱ्यांच्या पुढे जातो.

एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत हा फरक असेल तर तो कोण सोसतो? मोटारीत डिफरन्शियल नावाची एक दातेरी यंत्रणा असते. वळणावर आतल्या चाकाला कमी व बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. ते शक्य व्हावे म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे तिचे काम. वळण संपले की तिला विश्रांती मिळते. पण दोन चाकांचे माप भिन्न असेल तर सरळ रस्त्यावरही ती यंत्रणा अखंड वळणावर असल्याप्रमाणे राबत राहते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांत तर हा ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेवरही येतो आणि तिची दुरुस्ती चार टायरांच्या किमतीहून कितीतरी महाग पडते.

दुसरा प्रकार झिजेचा. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. दोन मिलिमीटरपर्यंत घासलेल्या टायरचा व्यास त्याच मापाच्या नव्या टायरपेक्षा बारा मिलिमीटरने कमी झालेला असतो. म्हणजे बाजूवर छापलेले आकडे सारखे असूनही दोन टायर सारखे राहत नाहीत. शिवाय नक्षीचे खरे काम पावसात कळते. तिच्या चरांतून पाणी बाजूला फेकले जाते आणि रबर रस्त्याला टेकते. चर उथळ झाले की पाणी फेकण्याची शक्ती घटते, वेग वाढताच टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि त्या क्षणी सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. एका बाजूचा टायर नवा व दुसऱ्या बाजूचा घासलेला असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच एक बाजू धरते, दुसरी सुटते आणि मोटार एका अंगाला ओढली जाते.

तिसरा प्रकार रचनेचा. जुन्या अ‍ॅम्बॅसिडर व पद्मिनी मोटारींच्या काळात क्रॉसप्लाय टायर सर्रास होते. आज मोटारींत बहुतेक सर्वत्र रेडियल टायर आहेत. दोहोंतील दोऱ्यांची मांडणी मुळातच भिन्न असल्यामुळे वळणावर त्यांचे वाकणे व रस्ता धरणे वेगळे असते. ब्रिटनमध्ये एकाच ॲक्सलवर रेडियल व क्रॉसप्लाय टायर एकत्र बसवण्यास कायद्यानेच मनाई आहे. घरातील जुनी जीप किंवा हौसेने जपलेली वडिलोपार्जित मोटार असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रेडियल टायरांतही कंपनीपरत्वे रबराचा मऊपणा व नक्षीचा आराखडा बदलतो. एकाच ॲक्सलवर दोन कंपन्यांचे टायर असले तर कोरड्या रस्त्यावर फरक जाणवणार नाही, पण अचानक ब्रेक दाबण्याची वेळ आली की जाणवेल.

चौथा प्रकार वयाचा. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक गट कोरलेला असतो. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. डिकीत सात-आठ वर्षे पडून राहिलेली स्टेपनी नक्षीने कोरी करकरीत दिसते, पण तिचे रबर कडक झालेले असते व बाजूला बारीक भेगा पडू लागलेल्या असतात. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे कोणताही टायर वापरू नये, असा सल्ला टायर उत्पादक देतात. जुन्या वापरलेल्या टायरचा मोठा धोका हाच, की त्याचे मागील आयुष्य कोणालाच ठाऊक नसते. कर्जदाराचा पूर्वेतिहास न पाहता कोणी रक्कम देत नाही. कुटुंबाचा भार ज्याच्यावर टाकायचा त्या टायरचा पूर्वेतिहास मात्र विचारला जात नाही.

नवे टायर पुढे की मागे?

दोनच नवे टायर घ्यायचे ठरले की गॅरेजमध्ये ते बहुधा पुढच्या चाकांना चढवले जातात. कारणही पटण्याजोगे दिले जाते. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते, सुकाणूही तीच वळवतात, म्हणून ती जास्त झिजतात व चांगले टायर तेथेच हवेत. परंतु मोठ्या टायर उत्पादकांचा सल्ला नेमका उलटा आहे. अधिक नक्षी असलेली जोडी मागे बसवावी, असे ते सांगतात.

यामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर मोटार अपेक्षेपेक्षा कमी वळते आणि सरळ जाऊ पाहते. चालकाला सुकाणू हलके झाल्याची जाणीव होते, तो स्वाभाविकपणे पाय काढतो, वेग कमी होतो आणि पकड पुन्हा मिळण्याची शक्यता असते. मागची चाके घसरली तर मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो व ती स्वतःभोवती फिरते. सुकाणूवर बसलेल्या माणसाला आधी काहीच कळत नाही, आणि कळते तेव्हा सावरण्याचे कौशल्य सामान्य चालकाकडे नसते. तवंदीचा किंवा आंब्याचा घाट पावसात उतरणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. पुढच्या चाकांची झीज भरून काढण्याचा योग्य मार्ग म्हणजे दर आठ ते दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करणे. तसे केले तर चारही टायर साधारण एकदम झिजतात, एकदम बदलता येतात आणि विजोडपणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

अलीकडच्या मोटारींतील एबीएस यंत्रणाही चारही चाकांच्या गतीची सतत तुलना करीत असते. एखादे चाक इतरांपेक्षा एकदम मंदावले, म्हणजे ते अडकून घसरू लागले असे समजून ती त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते. चाकांचे घेर मुळातच भिन्न असतील तर या यंत्रणेला मिळणारी माहितीच सदोष होते. वजनकाटा चुकीचा असेल तर प्रामाणिक तोलणाराही चुकतो, तसेच हे आहे.

‘देवाची करणी’ की माणसाची?

टायर फुटून अपघात झाला की ‘नशीब’, ‘योग’, ‘देवाची करणी’ असे शब्द सहज उच्चारले जातात. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये या समजुतीला स्पष्ट उत्तर दिले आहे. प्रकरण ऑक्टोबर 2010 मधील होते. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, मोटार खोल खड्ड्यात कोसळली आणि सहकाऱ्यांसमवेत प्रवास करणाऱ्या अडतीस वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. ते घरातील एकमेव कमावते होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्यांच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनीने अपील केले. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, त्यात चालकाचा दोष नाही, असे तिचे म्हणणे होते.

उच्च न्यायालयाने हे अपील फेटाळले. टायर फुटण्याला दैवी आपत्ती म्हणता येणार नाही, तो मानवी निष्काळजीपणा आहे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. अतिवेग, हवेचा दाब कमी वा जास्त असणे, वापरलेले जुने टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणे न्यायालयाने नमूद केली आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे वा मालकाचे काम असल्याचे सांगितले. या प्रकरणात चार टायर विजोड होते असा मुद्दा नव्हता. पण त्यातून निघणारे तत्त्व विजोड टायरांना अधिकच लागू पडते. टायर अकस्मात फुटला असे निदान म्हणता तरी येते. एकाच ॲक्सलवर दोन मापांचे टायर अकस्मात आले असे कोणाला म्हणता येणार आहे?

शासनाच्या पातळीवरही ही जाणीव वाढली आहे. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यावर अपघातांची मालिका सुरू झाली. त्यानंतर 2023 मध्ये परिवहन विभागाने महामार्गावर येणाऱ्या वाहनांचे टायर तपासण्यास सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरांची वाहने परत पाठवली. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. ही खोली ओळखण्यासाठी हत्यार लागत नाही. चरांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराच्या लहान आडव्या उंचवट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले.

विम्याचा कागद काय सांगतो?

व्यापारी घरांत विम्याचा हप्ता वेळेवर भरला जातो, पण पॉलिसीतील अटी क्वचितच वाचल्या जातात. मोटार विम्याच्या प्रचलित पॉलिसीत एक अट अशी असते, की विमाधारकाने वाहनाचे नुकसान होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी आणि वाहन कार्यक्षम स्थितीत ठेवावे. अपघातानंतर सर्वेक्षक येतो तेव्हा तो टायरही पाहतो. गुळगुळीत किंवा मापाबाहेरचे टायर आढळले तर या अटीचा आधार घेऊन स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या दाव्यात वाद निर्माण होऊ शकतो.

आणखी एक तपशील. केवळ टायर व ट्यूबचे नुकसान झाले तर नेहमीच्या पॉलिसीत भरपाई मिळत नाही. त्याच वेळी वाहनाचेही नुकसान झाले असेल तरच ती मिळते आणि तीही नव्या टायरच्या किमतीच्या निम्मी. म्हणून ‘विमा आहे’ या भरवशावर टायरचा खर्च पुढे ढकलण्यात हिशेबाचेही शहाणपण नाही.

आता जोडीच्या खर्चाचा विचार करू. एक टायर खराब झाला असता दोन घ्यावे लागतात, हा सल्ला ऐकून अनेकांना तो दुकानदाराचा फायदा वाटतो. समजा एका टायरची किंमत पाच हजार रुपये आहे आणि तो चाळीस हजार किलोमीटर चालतो. जोडीतील एक टायर निम्म्या आयुष्यावर फाटला. जोडी बदलायची म्हणजे दुसऱ्या चांगल्या टायरचे शिल्लक निम्मे आयुष्य, म्हणजे अडीच हजार रुपये, वाया गेले असे धरू. ही रक्कम नव्या जोडीच्या चाळीस हजार किलोमीटरवर वाटली तर किलोमीटरमागे सव्वासहा पैसे पडतात. शिवाय तो निम्मा टायर खरे तर वाया जातच नाही, जुन्या स्टेपनीच्या जागी ठेवता येतो. सव्वासहा पैशांच्या बचतीसाठी संपूर्ण कुटुंब पणाला लावणे हा कोणत्याही खतावणीत न बसणारा व्यवहार आहे. गोदामातील मालाची एक पाटी कमी भरली तर रात्र जागवणारा व्यापारी येथे इतका उदार का होतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

घरच्या घरी करावयाची तपासणी

विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यावर, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. ज्यांचे नाव ते धारण करते ते शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन घराण्यातील. 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापन करून या देशात मोटार तयार व्हावी असा ध्यास त्यांनी घेतला. मोटार बनवण्याचे स्वप्न पाहणारा उद्योगपती ज्या समाजाने दिला, त्या समाजाला मोटार सांभाळण्याचे शास्त्र अवघड वाटण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी कोणत्याही घरात अर्ध्या तासात होतात.

चारही टायरांच्या बाजूवरील माप, भारांक, वेगाक्षर व निर्मितीचे चार आकडे एका कागदावर लिहून काढावेत. एकाच ॲक्सलवरील दोन टायर माप, रचना, कंपनी व नक्षी या चारही बाबतींत सारखे असावेत. झिजेतही त्यांच्यात फार अंतर नसावे. शक्यतो चारही सारखे असणे सर्वांत उत्तम. काही मोटारींत कारखान्यानेच पुढे-मागे वेगळे माप दिलेले असते. तेथे वाहनासोबत आलेल्या पुस्तिकेतील सूचना पाळावी.

भारांक व वेगाक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे. 88 भारांकाच्या जागी 82 चा टायर बसवला तर प्रत्येक चाकामागे 85 किलोची क्षमता घटते. तीर्थयात्रेला निघालेल्या मोटारीत माणसे भरलेली, डिकीत सामान, शिधा व भांडी. नेमक्या त्याच दिवशी ही तूट भरून निघणे आवश्यक असते.

हवेचा दाब टायर थंड असताना पाहावा. योग्य आकडा चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. पूर्ण भरलेल्या मोटारीसाठी बहुधा वेगळा, अधिक आकडा दिलेला असतो. सारखे टायर असूनही हवा कमी-जास्त असेल तर ते विजोड टायरांसारखेच वागतात, हे विसरू नये.

स्टेपनीकडे लक्ष असावे. आजकाल अनेक मोटारींत मूळ चाकापेक्षा लहान वा अरुंद स्टेपनी मिळते. ती केवळ जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यासाठी असते आणि तिच्यावर वेगमर्यादा, बहुधा ताशी 80 किलोमीटर, स्पष्ट छापलेली असते. अशा स्टेपनीवर आठवडाभर मार्केट यार्डाच्या फेऱ्या करणे म्हणजे विजोड टायर हौसेने बाळगणे होय. पंक्चर निघाले की त्याच दिवशी मूळ चाक परत चढवावे.

वापरलेली मोटार विकत घेताना टायर पाहून किंमत ठरवावी. चार चाकांना चार तऱ्हेचे टायर दिसले तर केवळ नव्या टायरांचा खर्च वजा करून भागत नाही. ज्या मालकाने टायरांकडे दुर्लक्ष केले, त्याने तेल व ब्रेककडेही लक्ष दिले असेल असे मानण्यास आधार नसतो. आणि पेढीवरील चालकाच्या हाती जी गाडी दिली जाते, मुनीम व दिवाणजी ज्या गाडीतून वसुलीला जातात, तिलाही घरच्या मोटारीचाच नियम लागू असावा. नोकराच्या जिवाचे मोल घरच्यांपेक्षा कमी नसते.

प्रमाद टाळण्याचे व्रत

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. प्रमादयुक्त आचरणातून प्राणांचा घात घडतो तेव्हा ती हिंसा ठरते. मनात द्वेष नव्हता, मारण्याची इच्छा नव्हती, एवढ्याने श्रावक मोकळा होत नाही. काळजी घेणे शक्य असताना ती घेतली नाही, हाच दोष. उच्च न्यायालयाने 2023 मध्ये विम्याच्या दाव्यात जो निष्कर्ष काढला, त्याच्या मुळाशी असलेला विचार आपल्या आचार्यांनी फार पूर्वी मांडून ठेवला आहे.

साधूंसाठी ईर्यासमिती सांगितली आहे. चार हात पुढची भूमी पाहून, जीव वाचवीत पाऊल टाकावे. गृहस्थाला मोटार चालवताना चार हात पुरत नाहीत. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात मोटार एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. त्या बावीस मीटरांत शाळेतून परतणारे मूल असू शकते, उसाच्या ट्रॉलीमागे चालणारा शेतमजूर असू शकतो, आणि चातुर्मास संपल्यावर पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने विहार करणारा साधु-साध्वींचा संघही असू शकतो. विहारात वाहनांच्या धडकेने साधु-साध्वींचे प्राण गेल्याच्या वार्तांनी समाज अनेकदा शोकाकुल झाला आहे. अशा वेळी दुसऱ्याच्या वाहनाकडे बोट दाखवताना आपल्या मोटारीचा ब्रेक दाबला असता ती सरळ रेषेत थांबेल की नाही, हेही प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

पर्युषण व दशलक्षण पर्वानंतर घरोघरी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. त्या क्षमायाचनेला निघण्यापूर्वी एका रविवारी सकाळी, मंदिरातून परतल्यावर, घरातील तरुण मुलांना सोबत घेऊन मोटारीभोवती एक फेरी मारावी. चारही टायरांवरील आकडे मुलांनी मोठ्याने वाचावेत, वडीलधाऱ्यांनी ते वहीत लिहून घ्यावेत आणि जेथे जोड जुळत नसेल तेथे खूण करावी. ज्या चाकापुढे खूण होईल ते बदलल्याखेरीज पुढच्या यात्रेला निघू नये.